माहिती पुरेशी आहे काय?

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण. छपाईसाठी देताना उदाहरणे पुन्हा नीट मांडून दिली आहेत.)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने उद्योग, सचोटी आणि चिकाटी यांविषयी चार शब्द सांगावेत असा प्रघात आहे. ते विषय माझ्याहून अधिकारी असलेल्या वक्त्यांनी या व्यासपीठावरून अनेक वेळा मांडले आहेत, आणि समोर बसलेल्या मुलांनी ते निमूटपणे ऐकूनही घेतले आहेत. आज मी गणिताच्या एकाच प्रश्नप्रकाराविषयी बोलणार आहे. हे कळल्यावर आपले चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "मास्तर, सभेनंतर लगेच भोजन आहे, एवढे ध्यानात असू द्या," इतकेच ते म्हणाले. ते मी ध्यानात ठेवीन.

विषय निवडण्यास कारण घडले ते असे. आपल्या शिष्यवृत्ती-समितीकडे परदेशी जाऊन व्यवस्थापनशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या तरुणतरुणींचे अर्ज येतात. त्यांना प्रवेशाआधी एक परीक्षा द्यावी लागते. तिची फी मोठी, शिकवण्यांचा खर्च त्याहून मोठा. समितीत अलीकडे असा विचार पुढे आला आहे की, ज्या अर्जदारास या परीक्षेत एकदा कमी गुण पडले त्यास दुसऱ्या वेळी मंडळाने साहाय्य करू नये. निधी मर्यादित आहे, तो होतकरू मुलांनाच मिळावा. निधी मर्यादित आहे हे मला मान्य आहे. परंतु निर्णय घेण्यापूर्वी ती परीक्षा विचारते काय हे आपण वडीलधाऱ्यांनी एकदा पाहिले पाहिजे. मी स्वतः जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिक. सारा जन्म शाळेत पाढे, अपूर्णांक आणि समीकरणे शिकवण्यात गेला. तथापि या परीक्षेची पुस्तके मी दोन वर्षे चाळली आणि मला आढळले की त्यातील गणित दहावीच्या पलीकडचे नाही. मग अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले तेथे अडतात का? याचे उत्तर बव्हंशी एका प्रश्नप्रकारात आहे.

परीक्षेचे नाव जीमॅट. अमेरिकेतील नऊ व्यवस्थापन-विद्यालयांनी १९५३ साली एकत्र येऊन, सर्व प्रवेशेच्छूंस एकाच मापाने मोजता यावे म्हणून जी व्यवस्था उभारली तिचेच हे आजचे रूप होय. २०२३ च्या नोव्हेंबरात तिची रचना बदलण्यात आली. आता तिचे तीन विभाग आहेत आणि प्रत्येकास पंचेचाळीस मिनिटे मिळतात: एक अंकगणित व बीजगणिताचा, दुसरा भाषेचा, आणि तिसरा दिलेल्या माहितीचा अर्थ लावण्याचा. (भूमिती काढून टाकली, याचे मला मनापासून वाईट वाटते. असो.) प्रत्येक विभागास ६० ते ९० या मर्यादेत गुण देतात आणि तिन्हींचा मिळून एक गुणांक होतो, तो २०५ ते ८०५ च्या दरम्यान असतो. आपला प्रश्नप्रकार पूर्वी गणिताच्या विभागात असे. आता तो तिसऱ्या विभागात गेला आहे. त्या विभागात पाच प्रकारचे मिळून वीस प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्यास सरासरीने सव्वादोन मिनिटे येतात. प्रकाराचे नाव 'डेटा सफिशियन्सी'. आपण त्यास माहितीची पर्याप्तता म्हणू.

हा विषय केवळ परदेशी जाणाऱ्यांचा आहे असेही कोणी समजू नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून जी दुसरी प्रश्नपत्रिका आली, तिच्या अभ्यासक्रमात या प्रकाराचा नावानिशी उल्लेख आहे आणि पातळी दहावीची म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. सभागृहात त्या वाटेने जाऊ पाहणारे दोघे-तिघे मला येथूनच दिसत आहेत.

आता प्रकार समजावून घेऊ. आपल्या पिढीने भूमितीच्या वहीत समासाजवळ 'पक्ष' आणि 'साध्य' असे दोन शब्द लिहून मगच सिद्धता लिहिण्याची शिस्त पाळली. पक्ष म्हणजे जे दिलेले आहे ते, साध्य म्हणजे जे मिळवावयाचे आहे ते. शाळेत पक्ष नेहमी पुरेसा असतो. पुस्तक लिहिणाऱ्याने तो मोजून दिलेला असतो, ना कमी ना जास्त. त्यामुळे दिलेले सर्व आकडे वापरले की उत्तर येते, आणि उत्तर आले नाही तर चूक आपली, ही भावना मुलाच्या मनात पहिल्या इयत्तेपासून घट्ट बसते. या परीक्षेने ही खातरीच काढून घेतली आहे. येथे एक प्रश्न देतात, त्याखाली दोन विधाने देतात, आणि विचारतात: या विधानांच्या आधारे प्रश्नाचे उत्तर निश्चित करता येईल काय? उत्तर काढावयास सांगत नाहीत. उत्तर निघेल की नाही, एवढेच सांगावयाचे. पर्याय पाच, आणि ते प्रत्येक वेळी तेच, त्याच क्रमाने असतात:

अ. पहिले विधान एकटे पुरेसे, दुसरे एकटे अपुरे.
ब. दुसरे एकटे पुरेसे, पहिले एकटे अपुरे.
क. एकेकटे कोणतेही पुरेसे नाही, परंतु दोन्ही मिळून पुरेशी.
ड. प्रत्येक विधान एकटेच पुरेसे.
इ. दोन्ही मिळूनही अपुरी.

हे पाच पर्याय परीक्षेस जाण्यापूर्वी मुखोद्गत असले पाहिजेत. तेथे बसून ते वाचण्यात वेळ घालवणारा विद्यार्थी म्हणजे दुकान उघडल्यावर वजने शोधणारा वाणी.

पहिले उदाहरण घेऊ. एका मुलाने ३५ रुपयांस एक या दराने काही वह्या आणि १२ रुपयांस एक या दराने काही पेने घेतली. वह्या किती?

(१) वह्या व पेने मिळून नग १०.
(२) एकूण बिल १८९ रुपये.

शंभरातील नव्वद मुले, आणि त्यातही हुशार मुले, याचे उत्तर 'क' असे देतात. कारण अज्ञात राशी दोन, समीकरणे दोन, दोन्ही मिळून उत्तर येते. तीन वह्या, सात पेने. उत्तर बरोबर, आणि गुण शून्य. पहिले विधान एकटे अपुरे आहे हे उघड आहे. पण दुसरे एकटे तपासून पाहा. वह्या अर्ध्या-पाव घेता येत नाहीत. १८९ मधून पस्तिसाच्या पटी एकेक वजा करीत जा: एकही वही नसेल तर १८९ उरतात, एक असेल तर १५४, दोन असतील तर ११९, तीन असतील तर ८४, चार असतील तर ४९, पाच असतील तर १४. यांपैकी बारांनी नि:शेष भाग जातो तो फक्त ८४ ला. म्हणून वह्या तीनच. दुसरे विधान एकटे पुरेसे आहे आणि उत्तर 'ब'. नगांची संख्या सांगणारे पहिले विधान खरे आहे, निरुपद्रवी आहे, आणि केवळ मोहात पाडण्यासाठी तेथे उभे केलेले आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एक समीकरण, दोन अज्ञात राशी आणि उत्तर पूर्णांकातच हवे ही अट, या जातीच्या गणितास आपल्या परंपरेत 'कुट्टक' म्हणतात. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली तीत कुट्टकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, जो मठ स्थापिला त्याच्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. अमेरिकेच्या परीक्षेत गोंधळणाऱ्या खानदेशातील मुलास हे ठाऊक असले तर निदान परकेपणा वाटणार नाही. अर्थात परीक्षेत कुट्टकाची पूर्ण रीत लागत नाही; वरीलप्रमाणे पाच-सहा वजाबाक्या केल्या की भागते. लागते ती एवढीच जाणीव की, 'संख्या पूर्ण आहे' हीसुद्धा दिलेली माहितीच आहे, ती छापलेली नसली तरी.

दुसरा खड्डा याच्या नेमका उलट आहे. एका सभेस जमलेल्या स्त्रियांची संख्या किती?

(१) स्त्रियांची संख्या पुरुषांच्या संख्येच्या तीन पंचमांश आहे.
(२) सभेतील एकूण माणसांपैकी साडेसदतीस टक्के स्त्रिया आहेत.

पुन्हा दोन अज्ञात राशी आणि दोन विधाने. पुन्हा हात 'क' कडे जातो. पण नीट पाहता पहिले विधान म्हणते, पाच पुरुषांमागे तीन स्त्रिया. म्हणजे आठ माणसांत तीन. आणि आठांत तीन म्हणजे शेकडा साडेसदतीसच. दोन्ही विधाने एकच गोष्ट सांगतात. न्यायासनापुढे दोन साक्षीदार आले, परंतु दोघांनीही एकाच्याच तोंडून ऐकलेले, तर साक्षी दोन होत नाहीत. स्त्रिया तीन असतील, तीस असतील, तीनशेही असतील. उत्तर 'इ'. दुसरे विधान बदलून 'आणखी सहा स्त्रिया आल्या असत्या तर स्त्री-पुरुषांचे गुणोत्तर ३:४ झाले असते' असे केले, तर मात्र नवीन माहिती मिळते आणि दोन्ही मिळून पुरतात. पडताळून पाहणाऱ्यास चोवीस स्त्रिया व चाळीस पुरुष मिळतील. परंतु पडताळा परीक्षेत करू नये. दोन विधाने दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत आहेत आणि त्यांतून एकच उत्तर निघते एवढी खातरी पटली की लेखणी खाली ठेवावी.

ही लेखणी खाली ठेवणे फार अवघड आहे. आम्ही शिक्षकांनीच मुलांना शेवटच्या अंकापर्यंत जावयास शिकवले, उत्तराखाली दोन रेघा मारावयास शिकवले. ते योग्यच होते. पण सव्वादोन मिनिटांपैकी दीड मिनिट नको असलेल्या उत्तरात गेले, तर पुढच्या प्रश्नाचा विचार कोणत्या वेळात करणार? त्या विभागात संगणकाच्या पडद्यावर गणकयंत्र मिळते. ते मिळते म्हणून मुले ते वापरतात, आणि वापरतात म्हणून आकडेमोड करतात. या प्रश्नप्रकारापुरते तरी त्या यंत्राकडे पाहू नये असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट 'होय-नाही' च्या प्रश्नांची. क्ष ही धन पूर्णांक संख्या आहे. क्षला ५ ने नि:शेष भाग जातो काय?

(१) क्षला १० ने भागले असता बाकी ३ उरते.
(२) क्षला ४ ने भागले असता बाकी १ उरते.

पहिल्या विधानावरून क्ष म्हणजे ३, १३, २३ अशी, एककस्थानी ३ असलेली संख्या. तिला पाचने भाग कधीच जात नाही. येथे मुले म्हणतात, "उत्तर 'नाही' आले, म्हणून विधान अपुरे." हा घोटाळा शब्दाचा आहे, गणिताचा नव्हे. निश्चित 'नाही' हेही निश्चितच उत्तर आहे, आणि विधान पूर्णपणे पुरेसे आहे. दुसऱ्या विधानात ५ ही बसते आणि ९ ही बसते. एकदा 'होय', एकदा 'नाही'. ते अपुरे. म्हणून उत्तर 'अ'. अपुरे म्हणजे नकार नव्हे. अपुरे म्हणजे दोन्ही उत्तरे संभवणे. हा भेद मोठ्या माणसांच्याही चटकन ध्यानात येत नाही. विवाहाच्या चौकशीत 'माहिती मिळाली नाही' याचा अर्थ 'काहीतरी खोट आहे' असा करणारे आपल्यातच पुष्कळ आहेत.

चौथा खड्डा सर्वांत खोल. क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय?

(१) क्ष शून्यापेक्षा मोठा आहे.
(२) क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे.

पहिले विधान यविषयी काहीच बोलत नाही, म्हणून अपुरे. मग मूल दुसरे वाचते. वर्ग मोठा तर संख्या मोठी, असे म्हणते आणि 'ब' लिहिते. असे का झाले? कारण क्ष धन आहे हे त्याने नुकतेच पहिल्या विधानात वाचले होते आणि ते त्याच्या डोक्यातून गेलेच नव्हते. दुसरे विधान एकटे पाहावयाचे असेल तर पहिले वाचलेच नाही असे समजले पाहिजे. तसे केल्यास उणे तीन आणि दोन ही जोडी लगेच सुचते: वर्ग नऊ आणि चार, पण उणे तीन दोनपेक्षा लहान. म्हणून दुसरेही एकटे अपुरे. दोन्ही एकत्र केली की क्ष धन आणि यपेक्षा मापाने मोठा, तेव्हा निश्चित मोठा. उत्तर 'क'. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आमच्या आजीबाई एका भांड्याचा पळा दुसऱ्या भांड्यात जाऊ देत नसत. त्यांच्या त्या कटाक्षाची येथे आठवण होते. उपाय अगदी साधा आहे. पहिले विधान तपासून झाले की त्यावर हात ठेवून ते झाकावे. पडद्यावर हात ठेवणे विचित्र दिसेल, पण परीक्षागृहात आपल्याकडे कोण पाहतो?

संख्या घालून पाहताना मुले नेहमी दोन, तीन, पाच अशा सभ्य संख्या घेतात. शून्य, एक, उणे संख्या आणि एकाहून लहान अपूर्णांक ही मंडळी त्यांना आठवत नाहीत, आणि प्रश्न काढणाऱ्यास तीच नेमकी आठवतात. अर्ध्याचा वर्ग पाव होतो, म्हणजे वर्ग केल्यावर संख्या लहान झाली, हे सातवीतील मुलास सांगा, ते हसेल आणि मान्य करील. पदवीधरास परीक्षेत ते सुचत नाही.

याखेरीज एक गोष्ट अशी की, विधानांकडे वळण्यापूर्वी प्रश्न आपल्या शब्दांत उतरवून घ्यावा. पाच मुलांच्या गुणांची सरासरी ६० पेक्षा अधिक आहे काय, असा प्रश्न असेल तर तो 'पाचांची बेरीज ३०० पेक्षा अधिक आहे काय' असा करून घ्यावा. मग पहिल्या तिघांची बेरीज २४० आहे हे विधान आले तर उरलेल्या दोघांचे काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि विधान अपुरे ठरते. सर्वांत कमी गुण ६१ आहेत असे दुसरे विधान आले तर बेरीज न करताही काम झाले. जॉर्ज पोल्या नावाच्या थोर गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत यावर पुस्तक लिहिले. त्यात आरंभीच, दिलेली अट अज्ञात राशी ठरवावयास पुरते की अपुरी पडते की जरुरीपेक्षा जास्त आहे, हे पाहावयास सांगितले आहे. आम्ही शाळेत ती पायरी गाळून थेट रीतीवर जात आलो, कारण आमच्या पुस्तकांत अट नेहमी पुरतच होती.

उत्तर ठरवण्याचा क्रमही एकदा सांगून ठेवतो. पहिले विधान पुरेसे ठरले तर उत्तर 'अ' किंवा 'ड' यांपैकीच. अपुरे ठरले तर 'ब', 'क', 'इ' यांपैकी. केवळ एवढ्यानेच अर्धे ओझे उतरते. पुढे दुसरे विधान एकटे पाहावे, आणि तेही अपुरे ठरले तरच दोन्ही एकत्र आणावीत. पहिले विधान गुंतागुंतीचे वाटले तर दुसऱ्यापासून आरंभ करण्यास कोणाची हरकत नाही. दोन्ही विधाने खरी धरलेली असतात, ती परस्परांस कधी छेदत नाहीत. पहिल्यावरून वय चाळीस आणि दुसऱ्यावरून पस्तीस असे निघाले, तर परीक्षकाची नव्हे, आपलीच आकडेमोड चुकलेली आहे.

आता ज्या मुलीमुळे मी या विषयात पडलो तिच्याविषयी थोडेसे. नाव सांगत नाही. तिची आई या सभेत आहे. मुलगी अभियांत्रिकीची पदवीधर, पुण्यास नोकरीस. पहिल्या वेळी तिला अपेक्षेहून बरेच कमी गुण पडले. वडिलांनी फी आणि शिकवणी यांसाठी पतपेढीतून कर्ज घेतले होते. दुसऱ्यांदा बसावे तर पुन्हा खर्च, न बसावे तर पहिला खर्च वाया, आणि मधल्या काळात नातेवाइकांचे लग्नाविषयी विचारणे सुरू झालेले. घरात बोलणे कमी झाले होते. ती माझ्याकडे आली ती गणित कच्चे आहे म्हणून पक्के करून घ्यावयास. मी तिला गणित शिकवलेच नाही. ते तिला माझ्याहून अधिक येत होते. मी तिच्याकडून सुटलेल्या चाळीस प्रश्नांची वही करवून घेतली. प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने: आपण काय उत्तर दिले, खरे कोणते, आणि चूक कोठे झाली. दोन रविवारांत चित्र स्पष्ट झाले. चुकलेल्या उत्तरांपैकी बहुतेक ठिकाणी तिने 'क' लिहिले होते. दोन विधाने दिली आहेत म्हणजे दोन्ही वापरली पाहिजेत, ही शाळेची सवय. आमचीच सवय, मास्तरांनी लावलेली.

पुढचे दोन महिने तिने रोज फक्त दहा प्रश्न सोडवले, एकाचेही अंतिम उत्तर न काढता. सुरुवातीस तिला ते चोरी केल्यासारखे वाटे. तिला असा नियम घालून दिला की, 'क' लिहिण्यापूर्वी दुसरे विधान एकटे का पुरत नाही हे दोन निरनिराळ्या संख्या घालून दाखवावयाचे. दाखवता आले नाही तर 'क' लिहावयाचे नाही. नियम कडक होता, पण तिने पाळला. दुसऱ्या परीक्षेत तिसऱ्या विभागाचे गुण समाधानकारक वाढले. प्रवेश मिळाला की नाही ते तिनेच सांगावे. तो अधिकार माझा नाही. घरात बोलणे मात्र पूर्ववत सुरू झाले आहे हे मी स्वतः पाहिले आहे.

येथून मी पुन्हा समितीकडे वळतो. अध्यक्षमहोदय, एकच गुणांक हाती घेऊन 'हा अर्जदार होतकरू नाही' असे ठरवणे म्हणजे सभेतील स्त्रियांचे गुणोत्तर पाहून त्यांची संख्या सांगणे होय. गुणांकात तीन विभागांची बेरीज असते. कमतरता भाषेत आहे, गणितात आहे, की या तिसऱ्या विभागात, हे त्यावरून कळत नाही. गुणपत्रिकेवर तिन्ही विभागांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. ते अर्जासोबत मागवावेत, आणि अर्जदाराने अशी तीन रकान्यांची वही केली असेल तर तीही पाहावी. ज्याची कमतरता सवयीची आहे तो दोन महिन्यांत सुधारतो. ज्याने वहीच केली नाही त्याच्याविषयी समितीने खुशाल कठोर व्हावे, मी मध्ये येणार नाही. नियमाप्रमाणे ही परीक्षा सोळा दिवसांनंतर पुन्हा देता येते आणि बारा महिन्यांत पाच वेळांपर्यंत देता येते. पण सोळा दिवसांत सवय मोडत नाही. म्हणून दुसऱ्या वेळचे साहाय्य द्यावे, परंतु निदान दोन महिन्यांच्या अंतराने द्यावे, अशी माझी सूचना आहे. परीक्षेचे गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात. तेव्हा घाई कोणासच नाही, ना समितीस, ना वरपित्यांस.

शिकवण्यांविषयीही एक शब्द. हजारो रुपये देऊन मुले 'युक्त्या' विकत आणतात. त्यांतील काही युक्त्या चांगल्या आहेत, मी आत्ता सांगितल्या त्याच आहेत. पण युक्ती कळणे आणि हाताने ऐन वेळी 'क' न लिहिणे यांमध्ये चारशे-पाचशे प्रश्नांचे अंतर असते. ते अंतर शिकवणीत चालता येत नाही, घरीच चालावे लागते. मंडळाची अभ्यासिका रविवारी सकाळी रिकामी असते. किल्ली माझ्याकडे द्यावी. नऊ ते अकरा मी तेथे बसेन. जीमॅटवाल्यांनी यावे, लोकसेवा आयोगवाल्यांनी यावे, नववी-दहावीच्या मुलांनीही यावे. वही, पेन्सिल आणि घड्याळ आणावे. गणकयंत्र घरी ठेवावे.

भोजनाची वेळ झाली आहे, चिटणीसांचे डोळे मला तेच सांगत आहेत. पंक्तीत लाडू आहेत असे कळते, तेव्हा पाने मांडली जाईपर्यंत हे एक उदाहरण घ्या. सहलीस गेलेल्या मुलांत ९१ लाडू सारखे वाटले, एकही उरला नाही, लाडू फोडावा लागला नाही. मुले एकाहून अधिक होती आणि प्रत्येकास एकाहून अधिक लाडू मिळाले. मुले किती?

(१) मुलांची संख्या प्रत्येकाच्या वाट्यास आलेल्या लाडवांपेक्षा अधिक होती.
(२) मुलांची संख्या दहापेक्षा अधिक होती.

जेवताना कोणीही मला येऊन उत्तर सांगावे. मात्र 'मुले इतकी' असे कोणी सांगू नये; ते मी विचारलेले नाही.